खुडणाऱ्या बोटांचा रंग

मैत्रिणीने अख्ख्या पानांचा चहा दिला होता, छोट्याशा डबीत. काचेच्या पेल्यात चिमूटभर टाकला, वर गरम पाणी ओतलं आणि फोन आला म्हणून तसाच ठेवून दिला. परत आले तेव्हा पाणी फिकट सोनेरी झालं होतं आणि तळाशी चक्क पाला होता. मघाशी ज्या पिळवटलेल्या काळपट काड्या होत्या, त्या फुगून, उलगडून पानं झाल्या होत्या. चमच्याने एक शेंडा बाहेर काढला आणि बशीत पसरला. वर एक कळी, तिच्याखाली एक कोवळं पान, त्याखाली आणखी एक, जरा मोठं. पानांच्या कडेला बारीक करवती दाते. कळीवरची पांढरी लव अजून शाबूत. आणि देठाचं टोक तिरकं तुटलेलं, किंचित चुरगळलेलं. पात्याने कापलेला देठ असा दिसत नाही. हा कुणीतरी अंगठा आणि तर्जनीत धरून मोडला होता.

चहा छान होता, पण ते तुटलेलं टोक काही डोक्यातून जाईना. रोज चहा पिणाऱ्या माणसाच्या समोर चहाचं पान असं कधी येतच नाही. आपल्याला माहीत असते ती दाणेदार, एकसारखी भुकटी आणि उकळून झाल्यावर गाळणीत उरणारा चोथा. त्यातून झाड, फांदी, शेंडा यांतलं काहीच ओळखू येत नाही. इथे मात्र कुणाच्या तरी बोटांची खूण वाळून, पिळली जाऊन, भट्टीतून निघूनही टिकली होती आणि माझ्या बशीत येऊन पडली होती. ती कुणाची, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. डबीवर मळ्याचं नाव होतं, समुद्रसपाटीपासूनची उंची होती, हंगाम होता. खुडणाऱ्या माणसाबद्दल एक अक्षर नव्हतं.

चहाचं झाड मोकळं सोडलं तर चांगलं उंच होतं, आसामची जात तर सहज दहा-पंधरा मीटर जाते. मळ्यात त्याला कंबरेएवढं छाटून ठेवतात. शेंडा खुडला की खालच्या बगलांतून नवे फुटवे येतात, ते वाढले की तेही खुडायचे, मग आणखी फुटवे. हंगामात दर सात-दहा दिवसांनी त्याच झुडपावर पुन्हा हात फिरतो. छायाचित्रांत दिसणारे ते गुळगुळीत हिरवे उतार नुसत्या निसर्गाची करणी नाहीत, ते खुडून खुडून घडलेले आहेत. आणि खुडायचं काय, तर झाडाने सगळ्यात जपलेलं तेच. कोवळी पालवी किड्यांना आवडते, म्हणून झाड आपलं कॅफीन कळीत आणि पहिल्या पानात जास्त साठवतं. चहाला जी गोडसर, भरीव चव येते ती बरीचशी थिआनिन या अमिनो आम्लाची. ते मुळांत तयार होतं आणि तिथून शेंड्यापर्यंत चढतं. ऊन लागलं की त्याचं रूपांतर तुरट कॅटेचिनांत होऊ लागतं, म्हणून जपानमध्ये निवडक मळ्यांवर खुडणीच्या आधी काही आठवडे आच्छादन घालून सावली करतात. किड्यांसाठी केलेला बंदोबस्त माणसाला तरतरी देतो आणि मुळांतून वर आलेली गोडी त्याच्या जिभेवर राहते. एक किलो चहाला साधारण साडेचार किलो हिरवा पाला लागतो. त्या साडेचार किलोंत असे किती शेंडे असतील, याचा अंदाज बशीतल्या एका शेंड्याकडे बघून मला लावता येईना.

मुन्नारला गेले होते तेव्हाची एक सकाळ आठवली. पाऊस नुकताच थांबला होता. बायकांनी कमरेभोवती प्लास्टिकचे कागद गुंडाळले होते, नाहीतर ओल्या झुडपांतून चालताना कपडे भिजून निघतात. बहुतेकींच्या हातात कात्री होती, पात्याला पेटी जोडलेली, म्हणजे कापलेला पाला थेट तिच्यात पडतो. कडेच्या ओळीत एक जण मात्र हाताने खुडत होती. दोन्ही हात वेगवेगळे चालत होते, नजर तिसरीकडेच. देठ मोडल्याचा बारीक 'टच्' आवाज, पुन्हा टच्, पुन्हा टच्, आणि मूठ भरायच्या आतच पाला खांद्यावरून मागच्या पिशवीत. मी ड्रायव्हरला मध्ये घालून विचारलं, "अक्का, मूठ पूर्ण का नाही भरत?" ती म्हणाली, मुठीत जास्त वेळ धरला तर पाला तापतो, लाल पडतो, मग चहा बिघडतो. हे सांगताना तिने हात उघडून दाखवला. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक तपकिरी-काळं झालं होतं. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांवरच्या रेघा, सगळीकडे तो रंग मुरलेला. धुऊन जात नाही का, असं मी विचारलं. तिने नुसती मान हलवली आणि पुढच्या झुडपाकडे वळली.

तेव्हा मला त्या रंगाचं विशेष काही वाटलं नव्हतं, राबणाऱ्या हाताला लागतोच रंग. नंतर चहा कसा तयार होतो हे वाचलं आणि मग तो हात पुन्हा आठवला. पानाच्या पेशीत कॅटेचिनं एका कप्प्यात असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर दुसऱ्या. पान मोडलं, चुरगळलं की दोन्ही एकत्र येतात, हवा लागते आणि रंग पालटायला लागतो. सफरचंद चिरून ठेवलं की काळं पडतं ते याच प्रकारच्या विकरामुळे. पुढे कारखान्यात पाला कोमेजवतात, मळतात, पसरून ठेवतात. कॅटेचिनांपासून थिआफ्लेविनं आणि थिआरुबिजिनं बनतात आणि काळ्या चहाचा तांबूस रंग, त्याचा करकरीतपणा त्यातूनच येतो. हिरव्या चहात पाला लगेच वाफेवर किंवा कढईत तापवून विकर मारून टाकतात, ऊलाँगमध्ये ही क्रिया अर्ध्यावर थांबवतात. सगळे चहा त्या एकाच झाडाचे. फरक पडतो तो खुडल्यानंतर किती वेळ आणि कसं हाताळलं याने. आणि ही सगळी क्रिया सुरू होते ती खुडणाऱ्या बोटांवर, तो रस लागतो तिथे. मुन्नारच्या त्या अक्काच्या पेरांवर जे दिसलं, तो चहाचाच रंग होता.

हे एकच झाड आहे, हे युरोपला फार उशिरा कळलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने हिरव्या आणि काळ्या चहाची दोन निरनिराळी झाडं मानून त्यांना दोन नावं दिली होती. चीन आपली विद्या बाहेर सांगत नव्हता आणि परदेशी व्यापाऱ्यांना मळ्यांपर्यंत जाऊ देत नव्हता. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ चिनी वेश करून, डोक्याचा पुढचा भाग भादरून, पाठीवर वेणी सोडून आतल्या प्रांतांत शिरला. १८४८ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीसाठी रोपं, बिया आणि चहा करणारे कारागीर मिळवायला गेला होता. उघडपणे सांगायचं तर चोरीच करायला. ही रोपं काचेच्या बंद पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आली. दोन्ही चहा एकाच झाडाचे, हेही त्याने प्रत्यक्ष पाहून नक्की केलं.

पण त्याच्या वर्णनातलं एक दृश्य मला त्या सगळ्या साहसापेक्षा जास्त खोल जाऊन बसलं. हिरव्या चहाच्या एका कारखान्यात तो पोचला तेव्हा कामगार पाल्याला रंग देत होते. प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम यांची पूड करून गरम कढईतल्या पानांवर टाकायची आणि हातांनी फिरवत राहायची. कामगारांचे हात पार निळे झाले होते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हा चहा ते स्वतः पीत नव्हते. परदेशी लोकांना एकसारखा, देखणा हिरवा चहा हवा असतो आणि रंग स्वस्तात मिळतो, मग द्यायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं. फॉर्च्यूनने हिशेब मांडला की अशा शंभर पौंड चहामागे पिणाऱ्याच्या पोटात अर्ध्या पौंडाहून जास्त रंग आणि जिप्सम जातं. पुढे त्याने त्या रंगांचे नमुने लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी पाठवले. लंडनकरांनी धसका घेतला तो आपल्या पोटाचा. दिवसभर कढईत फिरणाऱ्या त्या निळ्या हातांचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

चहाचा इतिहास बहुधा पिणाऱ्यांच्या बाजूनेच सांगितला जातो.

आणि तो इतिहास खरंच विलोभनीय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आठव्या शतकात चीनमध्ये लू यू पाणी कुठलं घ्यावं, ते किती उकळावं, कुठल्या वाडग्यात चहाचा रंग खुलतो, यावर मन लावून लिहितो. सोळाव्या शतकात जपानमध्ये सेन नो रिक्यू एवढ्याशा खोलीत, साध्याशा वाडग्यात चहा देतो आणि त्यातून एका देशाच्या सौंदर्याची कल्पनाच बदलते. १७७३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात जातात आणि एका राष्ट्राच्या जन्माची सुरुवात होते. १८६६ मध्ये दोन जहाजं चीनमधल्या फूचौहून नव्या हंगामाचा चहा घेऊन सुटतात, ९९ दिवस समुद्र कापतात आणि लंडनच्या गोदीला अवघ्या २८ मिनिटांच्या अंतराने लागतात. हे मी कितीही वेळा वाचू शकते. पण या जहाजांच्या वेळांची नोंद मिनिटांपर्यंत आहे आणि त्यांच्या पोटातला चहा कुणी खुडला, याची दिवसा-महिन्यांतही नाही. ही नोंद ठेवावी असं कुणाला वाटलंच नाही.

आसामात तर माणसांची मोजदाद झाली ती मरणाच्या रकान्यात. तिथे चहा आधीपासूनच होता. सिंगफो लोक तो पीत होते. मणिराम दिवाण या आसामी सरदाराने रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला सिंगफो प्रमुख बिसा गाम यांच्यापर्यंत पोचवलं, ते १८२३ मध्ये. १८३९ च्या जानेवारीत आसामचा चहा लंडनच्या लिलावात उभा राहिला आणि मळ्यांची झुंबड उडाली. मणिरामने पुढे स्वतःचे मळे काढले, कंपनीच्या राज्याशी त्याचं बिनसलं आणि १८५८ मध्ये त्याला फाशी दिलं गेलं. जंगल तोडून मळे करायला माणसं हवी होती. ती छोटा नागपूरच्या पठारावरून, संथाळ परगण्यातून, ओडिशातून अरकाट्यांनी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या दलालांनी, गोळा केली, कुणाला फसवून, कुणाला दुष्काळाच्या धाकाने. १८५९ चा करारभंगाचा कायदा होता, म्हणजे काम सोडणं हा गुन्हा. १८६५ मध्ये तर पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार मळेवाल्याच्या हातात आला. १८६३ ते १८६६ या काळात सुमारे ८५ हजार मजूर तिकडे नेले गेले आणि त्यांतले ३० हजारांवर मेले. कॉलरा, ताप, उपासमार आणि बोटीतली गर्दी. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तीन वर्षांत, तीनातला एक. ज्या पेयाभोवती एवढी सभ्यता उभी राहिली, त्याच्या मुळाशी हे आहे.

१९२१ च्या मे महिन्यात आसामातल्या चरगोला खोऱ्यातल्या हजारो मजुरांनी मळे सोडले. 'मुल्लुक चलो', आपल्या गावी चला, एवढीच घोषणा. बायका, पोरं, म्हातारे, सगळे पायी निघाले. काही जण मेघना नदीच्या काठी चांदपूरच्या स्टेशनात अडकून पडले, कारण पुढे न्यायला वाहन मिळू दिलं जात नव्हतं. २० मेच्या रात्री झोपलेल्या माणसांवर गुरखा शिपाई सोडले गेले. निषेधात रेल्वे आणि आगबोटींच्या कामगारांनी संप केला. या घटनेवर मी खूप वाचलं, पण डोळ्यासमोर राहतं ते त्या घोषणेचं साधेपण. मजुरी वाढवा नव्हे, जमीन द्या नव्हे, फक्त घरी जाऊ द्या. त्यांच्यातल्या बहुतेकांना घर कुठे उरलं होतं, हाही प्रश्नच आहे. जे मळ्यांतच राहिले त्यांची नातवंडं-पतवंडं आज आसामचीच आहेत, सादरी बोलतात, झुमुर नाचतात आणि अजूनही तोच पाला खुडतात.

यानंतर दहाच वर्षांत आसामच्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चरचं सीटीसी यंत्र आलं. उलट्या दिशेने, वेगवेगळ्या गतीने फिरणारे दातेरी रूळ, त्यांत पाला चिरडायचा, फाडायचा आणि गुंडाळायचा. पेशी इतक्या फुटतात की ऑक्सिडेशन झपाट्याने होतं, दाणे एकसारखे निघतात आणि चिमूटभरात दाट रंग येतो. या यंत्राबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी एकदम येतात आणि त्यांतली एकही मागे हटत नाही. याच यंत्राने चहा गरिबाच्या आवाक्यात आणला. एकेकाळी कुलूपबंद पेटीत ठेवायची चीज होती ती, आता रस्त्यावर राबणाऱ्या माणसालाही दिवसातून दोनदा परवडते. दूध घातलं तरी हा चहा दबत नाही. माझी जीभ याच चवीवर वाढली आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण याच यंत्रात देठाचं ते तुटलेलं टोक कायमचं नाहीसं होतं. कोवळी कळी काय, राठ पान काय, हाताने निवडून खुडलेलं काय, कात्रीने सरसकट कापलेलं काय, सगळ्याचे सारखेच दाणे. निवडून खुडण्याचं मोल त्या रुळांपाशी संपतं. तिथून पुढे चहा म्हणजे प्रत आणि वजन.

त्या प्रतीची पारख करणारी माणसं विलक्षण असतात. लांबच लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येक कपात शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात चहा, सहा मिनिटं मुरलेला. ही पद्धत आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात लिहून ठेवलेली आहे, म्हणजे कुठल्याही देशात तीच मोजणी. चाखणारा चमचाभर घेऊन जोरात भुरकतो, चहा टाळूवर उडवतो, थुंकतो, पुढे सरकतो. एका घोटात त्याला कळतं की पाला जास्त कोमेजला होता, भट्टी तापली होती, की ओला पाला कारखान्यात पोचायला उशीर झाला. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराचा तो द्राक्षासारखा गंध पानावर तुडतुडे चावून गेल्यामुळे येतो, हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. किडा चावला की झाड स्वतःला वाचवायला सुगंधी द्रव्यं सोडतं. तैवानमध्येही असाच एक चहा आहे. डब्यावरच्या माहितीत तुडतुड्याचा उल्लेख आवर्जून असतो. वाचून मला आनंद होतो, आणि पाठोपाठ राग येतो, कारण त्याच शेंड्याला झालेला दुसरा स्पर्श त्या मजकुरात कुठेही नसतो.

कोलकात्यात चहाचा लिलाव १८६१ पासून चालतो. लंडनचा १९९८ मध्ये बंद पडला. आज बोली पडद्यावर लागते आणि यादीत मळा, प्रत, पोत्यांची संख्या असते. याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, मुन्नारच्या बायका रस्त्यावर बसल्या. बोनस कमी केला म्हणून. त्यांनी कंपनीला जाब विचारलाच, पण आपल्या नावाने बोलणाऱ्या पुरुष पुढाऱ्यांनाही जवळ येऊ दिलं नाही. संघटनेला नाव दिलं 'पेंबिळै ओरुमै', बायकांची एकजूट. शहर बंद पाडलं आणि वीस टक्के बोनसची मागणी पदरात पाडून घेतली. बातम्यांतल्या छायाचित्रांत मी हातांकडे बघत होते. मुठी वळलेल्या होत्या, त्यामुळे पेरं दिसत नव्हती.

आता यंत्र खुडणीपर्यंतही आलं आहे. जपानमध्ये बहुतेक चहा यंत्रानेच कापला जातो. २०२३ च्या मे महिन्यात केनियातल्या केरिचो भागात आंदोलकांनी खुडणीची यंत्रं पेटवून दिली, कारण एक यंत्र अनेक हातांचं काम घेऊन जातं. यातली कुठली बाजू घ्यावी, मला कळत नाही. उतारावर दिवसभर वाकून, पाठीवर ओला पाला वाहून, संध्याकाळी काट्यावर पिशवीचं आणि पावसाच्या पाण्याचं वजन कापून घेणारं काम कुणाच्या मुलीने करावं, असं मी म्हणणार नाही. त्या पाठी मोकळ्या झाल्या तर मला बरंच वाटेल. पण मजुरीच गेली तर मोकळी झालेली पाठ कुठे टेकायची? मळ्यातलं घर मजुरीवर, पोरांची शाळा मजुरीवर, दवाखाना मजुरीवर. कित्येक पिढ्या दुसरी वाटच ठेवलेली नाही.

माझी मागणी त्यामानाने लहान आहे आणि ती मी गंभीरपणे करते आहे. डब्यावर मळ्याचं नाव, उंची, हंगाम छापता, तिथे आणखी एक आकडा छापा. या चहाच्या एका किलोमागे खुडणाऱ्या हाताला किती मिळालं, तो. आकडा कमी असेल तर घेणाऱ्याला कळेल, जास्त असेल तर त्या मळ्याने अभिमानाने मिरवावा. लिलावाच्या यादीतही त्याच्यासाठी एक रकाना सहज निघेल. माहिती नवी गोळा करावी लागणार नाही. रोज पाल्याचं वजन होतं, ते प्रत्येकीच्या नावापुढे लिहिलं जातं आणि त्यावरूनच तिचा हिशेब होतो. मळ्याच्या कचेरीत हा आकडा आजही आहे.